घरची बिअर : कृती कोठवर पाळावी, हात कोठे मोकळा सोडावा?

घरी बिअर तयार करण्याविषयीच्या या सदरात मागच्या महिन्यात मी असे लिहिले होते की, पहिले पाच-सहा घाणे तरी छापील कृती समोर ठेवूनच करावेत. (एका वेळी तयार होणाऱ्या बिअरला मी घाणाच म्हणते, चकल्यांना चालतो तो शब्द येथेही चालतो.) या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काहींना ते फार कडक वाटले, तर काहींनी कृती तंतोतंत पाळूनही बिअर बिघडल्याचे कळवले. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ त्यात आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई कधीही मापाने स्वयंपाक करीत नाहीत आणि त्यांच्या हातची आमटी कधी बिघडत नाही. मीही स्वयंपाक अंदाजानेच करते. बिअरचे तीन घाणे मी कृती पाहून केले आणि ते चांगले झाले. चौथ्या वेळी घरात उरलेले तीन प्रकारचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) एकत्र केले, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) मुठीने टाकले आणि तापमान हाताला लागेल तसे ठेवले. बिअर गोडसर, जड आणि तरीही कडू झाली. अंदाजाने करण्याइतका हात बसायला किती घाणे लागतात? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आमटीचा अंदाज बसतो, कारण आमटी लगेच उत्तर देते. चमचाभर चाखली, मीठ कमी वाटले, घातले, पुन्हा चाखली. चूक आणि तिची दुरुस्ती यांत दोन मिनिटांचेही अंतर नसते, आणि हा अभ्यास सासूबाईंनी दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षे केलेला असतो. बिअरमध्ये सकाळी दहा वाजता तापमान तीन अंशांनी चुकले, तर ते जिभेला तीन-चार आठवड्यांनी कळते, आणि तोवर त्या सकाळी आणखी काय काय केले होते याची आठवण पुसट झालेली असते. महिन्याला एक घाणा करणाऱ्याला वर्षाकाठी बाराच संधी मिळतात. हात बसण्याची वाट पाहण्यापेक्षा वही ठेवावी, असे मी म्हणते ते यासाठी. येथे हाताचे काम वहीला करावे लागते.

आमटीपेक्षा लोणच्याचे उदाहरण बिअरला अधिक लागू पडते. माझी आई कैरीचे लोणचे घालताना मोहरीची डाळ, मेथी, हिंग आणि तिखट यांचे प्रमाण दर वर्षी बदलत असे. कैरी किती आंबट निघाली, त्या वर्षीचे तिखट किती जहाल आहे, हे पाहून तिचा हात चाले. पण बरणी दोन दिवस उन्हात ठेवलेली असे, प्रत्येक फोड कोरड्या फडक्याने पुसलेली असे, ओला चमचा बरणीजवळ येत नसे, आणि मीठ ती तराजूवर तोलून घेई. चवीसाठी जे घालायचे ते तिच्या मर्जीने आणि टिकण्यासाठी जे करायचे ते मापाने, हा भेद तिने आम्हाला कधी शब्दांत सांगितला नाही. पण ती तो एकाही वर्षी मोडत नसे.

बिअरमधल्या ‘मिठाच्या’ गोष्टी थोड्याच आहेत. उकळल्यानंतर वर्टला, म्हणजे माल्टच्या गोड काढ्याला, जे जे भांडे, नळी किंवा झाकण लागेल ते निर्जंतुक असावे. मॅशचे, म्हणजे दळलेले माल्ट गरम पाण्यात भिजत असतानाचे, तापमान थर्मामीटरने मोजावे. यीस्टचे प्रमाण आणि ते ज्या तापमानात काम करते ते ठरलेले असावे. साध्या एल यीस्टला (एल म्हणजे खोलीच्या साधारण तापमानाला आंबणारी बिअर) १८ ते २० अंश सेल्सिअस मानवते आणि वीस लिटरला साडेअकरा ग्रॅमचे एक पाकीट पुरते. बाटलीत भरताना घालायची साखर वजन करूनच घालावी. या चार ठिकाणी अंदाज चालवू नये.

तुमच्या चौथ्या घाण्याचे दोन दोष मला पत्रावरूनच दिसतात. माल्टमधील स्टार्चची साखर करणारी दोन प्रमुख एन्झाइम्स आहेत. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांच्या आसपास जोमात असते आणि यीस्टला सहज पचणारी साखर देते. अल्फा-अमायलेज सत्तरीच्या जवळ अधिक चालते आणि त्याच्या कामातून यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्याही उरतात. म्हणून ६४ अंशांना मॅश केलेली बिअर हलकी आणि कोरडी होते, तर ६९-७० अंशांना केलेली भरीव व गोडसर होते. ‘हाताला लागेल तसे’ ठेवलेले पाणी बहुधा सत्तरीच्या वर गेले असावे. दुसरे असे की, उरलेल्या तीन माल्टांपैकी एक क्रिस्टल माल्ट, म्हणजे पाकाच्या चवीचे गोडसर माल्ट, असणार, कारण घरात उरते तेच. एखाद्या पेल, म्हणजे फिकट, एलमध्ये त्याचे प्रमाण एकूण धान्याच्या दहा टक्क्यांपर्यंत असले की पुरे होते. शिल्लक संपवण्याच्या भरात ते पंचवीस टक्क्यांवर गेले, तर पाकातल्यासारखा गोडवा येणारच. त्यावर मुठीने हॉप्स पडले, म्हणून गोडवा आणि कडवटपणा एकमेकांत न मिसळता वेगवेगळे लागले.

तरीही तुम्ही शिल्लक माल्ट वापरायला नको होते, असे मी म्हणणार नाही. घरी बिअर करण्यातला निम्मा आनंद त्यातच आहे. पण जे मनाचे करायचे, ते आदल्या रात्री टेबलाशी बसून, वजने लिहून, टक्केवारी काढून करावे. चूल पेटल्यावर मात्र स्वतःच लिहिलेली ती कृती दुसऱ्या कोणाची असावी इतक्या निष्ठेने पाळावी. म्हणजे बिअर चांगली झाली तर ती पुन्हा करता येते, आणि बिघडली तर कशाने बिघडली हे शोधता येते. पुढचे तीन घाणे एकाच साध्या पेल एलचे करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला. आधीच्या घाण्यातल्या चार बाटल्या राखून ठेवा आणि नव्या बिअरशेजारी ठेवून चाखा. आठवणीतल्या चवीशी केलेली तुलना फसवी असते.

प्रश्न : मी कृती ग्रॅमपर्यंत अचूक पाळली. तरी बिअर ठरल्यापेक्षा पातळ आणि कितीतरी कडू झाली. मग कृतीचा उपयोग काय? — एक वाचक, डॅलस

उत्तर : तुम्ही वजने अचूक पाळलीत, यात शंका नाही. पण ती वजने दुसऱ्याच्या भांड्यातली, दुसऱ्याच्या दळणीतली आणि दुसऱ्या हंगामातल्या हॉप्सची होती. कृतीत पाच किलो माल्टपासून वीस लिटर बिअर व १.०५६ ही आरंभीची घनता (पाण्याची १.००० धरून) लिहिलेली असते, तेव्हा धान्यातून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी ७५ टक्के निघेल असे गृहीत धरलेले असते. तुमच्या घरी माल्ट जाडसर दळले गेले आणि ६५ टक्केच निघाली, तर त्याच पाच किलोंतून १.०४९ एवढीच घनता मिळेल. बिअर पातळ लागली ती त्यामुळे. उपाय सोपा आहे : पाचला ७५ ने गुणून ६५ ने भागा, म्हणजे सुमारे पावणेसहा किलो माल्ट घ्या. स्वतःच्या भांड्याची टक्केवारी दोन-तीन घाण्यांत कळते आणि मग कोणतीही कृती आपल्या घरच्या मापात उतरवता येते.

कडवटपणाचेही तसेच आहे. हॉप्सच्या पाकिटावर अल्फा आम्लाची, म्हणजे ज्यापासून कडवटपणा येतो त्या घटकाची, टक्केवारी छापलेली असते आणि ती एकाच जातीतही पिकागणिक बदलते. कृतीत कॅस्केड जातीचे ३० ग्रॅम साडेपाच टक्क्यांच्या हिशेबाने सांगितले असतील आणि तुमच्या पाकिटावर साडेसात लिहिलेले असेल, तर तासभर उकळण्याच्या हॉप्सचे वजन २२ ग्रॅमवर आणायला हवे होते. कॅस्केडऐवजी कोलंबससारखी चौदा-पंधरा टक्क्यांची जात हाती लागली, तर अकरा ग्रॅम पुरतात. पाकीट न पाहता सरसकट तीस ग्रॅम टाकणे म्हणजे डोळे मिटून आज्ञापालन होय. कृतीचा हेतू पाळायचा असेल, तर तिचे आकडे बदलावे लागतात.

तुमच्या पत्रात शेवटी ‘औषधासारखा किंचित वास’ असा उल्लेख आहे. त्याचा कृतीशी संबंध नाही. शहराच्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरामाइन माल्टमधील फिनॉलशी जुळले की तो वास येतो. क्लोरामाइन सहजासहजी उकळून जात नाही. ते घालवणारी कॅम्पडेनची, म्हणजे सल्फाइटची, एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. वीस-पंचवीस लिटर पाण्याला तिचा तिसरा हिस्सा चुरून घाला व पाच मिनिटे थांबा.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. घरी वीस लिटर बिअर करून पाहायची आहे. सुरुवातीला कोणती कृती घ्यावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्यात राहून कोणतीही घेऊ नये. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि ते घरच्यापुरते केले म्हणून तो गुन्हा राहत नाही असे नाही. या सदरातील सर्व सल्ला जेथे कायद्याने मुभा आहे तेथील वाचकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने ती मुभा मिळाली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा आहे, आणि राज्यांपैकी अलाबामा व मिसिसिपी यांनी तर थेट २०१३ मध्ये, सगळ्यांच्या शेवटी, परवानगी दिली. या देशांतही ही सवलत बिअर आंबवण्यापुरती आहे. घरी दारू गाळण्यास ती लागू नाही.

पुण्यातील मायक्रोब्रुअरीत जाऊन तेथील बिअर तयार करणाऱ्यांना माल्ट आणि हॉप्स दाखवण्याची विनंती तुम्ही जरूर करू शकता. माल्टचे चार प्रकार चावून पाहिलेल्या माणसाला पुढे कृती वाचताना फार मदत होते.

प्रश्न : कृतीत ‘सात दिवसांनी बाटल्या भराव्यात’ असे लिहिले आहे. आज सातवा दिवस आहे, पण हवाबंद झाकणावरच्या नळीतून अधूनमधून बुडबुडा येतो. भरू का? — एक वाचक, टोरांटो

उत्तर : भरू नका. कृतीचा शब्द प्रमाण मानणे धोक्याचे ठरते, असे हे ठिकाण आहे. यीस्टला वार कळत नाही. खोली १६ अंशांवर असेल तर जे काम सात दिवसांत व्हायचे ते बारा दिवस घेते. हायड्रोमीटरने घनता मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले आणि ते कृतीतील शेवटच्या घनतेच्या जवळ असले, तरच बाटल्या भरा. बुडबुड्यांवरही भरवसा ठेवू नका. झाकण किंचित सैल असेल तर आंबणे चालू असूनही बुडबुडे दिसत नाहीत, आणि खोली तापली तर आंबणे संपूनही दिसतात.

यामागचा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा. बाटलीत फेस यावा म्हणून आपण लिटरमागे साधारण साडेसहा ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला १३० ग्रॅम साखर घालतो. हायड्रोमीटरवरचे चार अंक, म्हणजे १.०१४ आणि १.०१० यांतील फरक, हा लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम साखरेएवढा असतो. म्हणजे चार अंक शिल्लक असताना बाटली बंद केली, तर बाटलीत ठरल्याच्या अडीचपट साखर कोंडली जाते.

माझ्याकडून हे एकदा घडले आहे. जुलै महिना होता, बिअरमध्ये आंब्याचा रस घातला होता आणि पाहुणे यायचे म्हणून मी घाई केली. नवव्या दिवशी, दुपारी, तळघरात पहिली बाटली फुटली. बाटल्या खोक्यात होत्या म्हणून कोणाला इजा झाली नाही. पण खोक्याच्या पुठ्ठ्यात रुतलेले काचेचे तुकडे मी चिमट्याने उपसून काढले आणि त्यातला एक पुठ्ठ्याच्या पलीकडे निघालेला होता. उरलेल्या बाटल्यांवर जाड गोधडी टाकून मी त्या दोन दिवस हलवल्या नाहीत, मग चष्मा आणि हातमोजे घालून एकेक उघडून ओतून दिली. तेव्हापासून दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही.

प्रश्न : माझे शेजारी म्हणतात की, १५१६ च्या शुद्धता नियमाबाहेर गेलेली बिअर ही बिअरच नव्हे. मग जर्मनीत राहून मनाप्रमाणे काही करण्याला वाव आहे की नाही? — एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : शेजाऱ्यांच्या भावनेचा मान ठेवावा, पण इतिहास थोडा वेगळा आहे. तो नियम १५१६ मध्ये इंगोलश्टाट येथे बव्हेरियासाठी जाहीर झाला; संपूर्ण जर्मन साम्राज्याला तो १९०६ मध्ये लागू झाला. मूळ मजकुरात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्याच गोष्टी आहेत, आणि बिअरचे भावही त्यातच ठरवून दिलेले आहेत. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. यीस्ट हा जीव साखर आंबवतो हे लुई पाश्चर यांच्या एकोणिसाव्या शतकातील कामातून प्रस्थापित झाले, आणि एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये मिळवले.

वाव तर त्या नियमाच्या आजच्या चौकटीतही पुष्कळ आहे, आणि तिच्यात गव्हाचे माल्टही चालते. बव्हेरियन गव्हाच्या बिअरचा एकच घाणा करा, थंड झालेला वर्ट दोन भांड्यांत निम्मा-निम्मा घाला, दोन्हींत तेच गव्हाच्या बिअरचे यीस्ट घाला, आणि एक भांडे १७ अंशांच्या तळघरात, दुसरे २३ अंशांच्या खोलीत ठेवा. पहिल्यात लवंगेची आठवण होईल असा वास पुढे येतो, दुसऱ्यात पिकल्या केळ्याचा. दोन्ही भांड्यांतील जिन्नस शेजाऱ्यांना मान्य होतील असेच आहेत. त्यांना दोन्ही पेले द्या आणि काय वेगळे घातले असेल ते विचारा. या प्रयोगाने चांगली मैत्री होते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मला बिअरमध्ये धने, वेलदोडा, गूळ, पोहे आणि हापूसचा रस वापरायचा आहे. इंग्रजी कृतींत यांची प्रमाणे मिळत नाहीत. कशी ठरवावीत? — एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : पाचही एका घाण्यात घालणार नाही, असे गृहीत धरून एकेकाविषयी लिहिते.

धन्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांना परंपरेचा आधार आहे. बेल्जियममधील हूगार्डन गावाची पांढरी, गव्हाची बिअर धने आणि संत्र्याची साल घालून होत असे. तेथील शेवटचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला, आणि पिएर सेलिस या घरोघर दूध पोचवणाऱ्या गृहस्थांनी १९६० च्या दशकात ती बिअर पुन्हा सुरू केली. परदेशी दुकानांत मिळणारे गोल, गडद धने आणि आपले लांबट, फिकट धने यांत फरक आहे. आपल्या धन्यांना लिंबाच्या सालीसारखा वास अधिक असतो आणि या बिअरला तेच शोभतात. भाजू मात्र नका. भाजले की आमटीची आठवण येऊ लागते. वीस लिटरला पंधरा ग्रॅम धने खलबत्त्यात फक्त फुटतील इतपत ठेचा आणि उकळी बंद करण्याच्या पाच मिनिटे आधी घाला.

वेलदोडा अतिशय जबर असतो आणि त्याचे प्रमाण कोणत्याही कृतीवरून घेऊ नये. दोन ग्रॅम दाणे ठेचून १०० मिलिलिटर व्होडकात चार दिवस ठेवा व गाळा. आंबून तयार झालेली बिअर १०० मिलिलिटर मोजून चार पेल्यांत घ्या, त्यांत औषधाच्या पिचकारीने ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४ मिलिलिटर अर्क घाला आणि घरातल्या दोघा-तिघांना चाखायला द्या. ०.२ चा पेला आवडला, तर वीस लिटरला ४० मिलिलिटर. हा अंदाजच आहे, पण घाणा पणाला न लावता केलेला.

गुळाने बिअर गोड होईल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. त्यातील जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकते, बिअर उलट कोरडी होते आणि मागे गुळाचा किंचित खमंग, खारट गंध राहतो. वीस लिटरला अर्धा किलो गूळ घनता आठ-नऊ अंकांनी वाढवतो, म्हणजे अल्कोहोल सुमारे एक टक्क्याने वाढते. तेवढे माल्ट कमी करायचे की बिअर तेवढी जोरकस होऊ द्यायची, हे आधी ठरवा. गडद बिअरमध्ये तो खुलतो.

पोहे हे तर आयते सापडलेले साधन आहे. तांदूळ थेट मॅशमध्ये घातला तर त्याचा स्टार्च खुला होत नाही, म्हणून तो आधी वेगळा शिजवावा लागतो. पोहे होतानाच भिजून, भाजून, चेपून निघालेले असतात, त्यामुळे ते कोरडेच माल्टमध्ये मिसळता येतात. एकूण धान्याच्या वीस टक्क्यांपर्यंत घ्या. त्यांना स्वतःची एन्झाइम्स नसतात, तेव्हा उरलेले ऐंशी टक्के साधे फिकट माल्टच असावे. बिअर फिकट, स्वच्छ आणि हलकी होते.

हापूसचा रस शेवटी ठेवला, कारण त्यात फसगत जास्त होते. डब्यातील बहुतेक रसात साखर घातलेली असते. डब्यावर ती वाचून हिशेबात धरा. उकळत्या वर्टमध्ये रस घातला तर वास उडून जातो, म्हणून मुख्य आंबणे ओसरल्यावर, सहाव्या-सातव्या दिवशी, ८५० ग्रॅमचे दोन डबे निर्जंतुक केलेल्या चमच्याने घाला. आंबणे पुन्हा सुरू होईल. त्यानंतर किमान दहा दिवस थांबा आणि वर टोरांटोच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे दोनदा मोजूनच बाटल्या भरा. साखर गेल्यावर हापूस पेल्यात फारसा ओळखू येत नाही, हेही आधीच सांगते. गोडव्याशिवायचा आंबा जिभेला अर्धाच वाटतो. मी त्यासाठी मॅश ६८ अंशांना ठेवते, कडवट हॉप्स निम्मे करते आणि एक डबा वाढवते. मागच्या उन्हाळ्यातला तो घाणा माझ्या वहीत ‘आंबा, चौथा’ या नावाने आहे, आणि पाचव्यात केशर आंब्याचा रस घेऊन पाहणार आहे.